मुलगा की मुलगी, हे आईवर ठरत नाही : पिठातल्या अळीत उत्तर शोधणाऱ्या नेटी स्टीव्हन्स

प्रसूतीच्या वॉर्डबाहेरचं बाकडं. नर्स बाहेर येते आणि सांगते, "मुलगी झाली." पहिली असेल तर पेढे येतात. दुसरी असेल तर थोडी शांतता. आणि तिसरी असेल तर बाकड्यावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "हिला मुलीच होतात."

हिला.

या एका शब्दापायी किती जणींचं आयुष्य नासलं असेल याची मोजदाद नाही. टोमणे, माहेरी पाठवणं, नवऱ्याचं दुसरं लग्न, सगळं त्यात आलं. आणि गंमत म्हणजे हा शब्द चुकीचा आहे, हे जगाला कळून आता शंभर वर्षं उलटून गेली. १९०५ साली अमेरिकेतल्या एका संशोधक बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजली आणि दाखवून दिलं की नर होणार की मादी, याचा फरक शुक्राणूत असतो, स्त्रीबीजात नाही.

त्यांचं नाव नेटी मारिया स्टीव्हन्स. शाळेच्या पुस्तकातली एक्स आणि वायची आकृती बहुतेकांना आठवते. ती आकृती जिच्या कामावर उभी आहे, तिचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आधी लोकांना काय वाटायचं?

मुलगा होणार की मुलगी, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे आणि उत्तरंही भरपूर होती. ग्रीक विचारवंत अ‍ॅरिस्टॉटलने त्याचा संबंध उष्णतेशी जोडला होता. पुरुषाच्या बीजातली ऊब कमी पडली की मुलगी होते, असं त्याचं मत. यात मुलगी म्हणजे काहीतरी कमी पडल्याचा पुरावा, हे गृहीतच धरलेलं होतं.

एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न आहाराकडे वळवला. गर्भाला पोषण कसं मिळतं यावर लिंग ठरतं, असं मानणारे बरेच होते. १८९८ मध्ये व्हिएन्नामधले लिओपोल्ड शेंक या प्राध्यापकांनी तर आईचा आहार बदलून मुलगा मिळवता येईल असा दावा केला आणि युरोपभर त्याची चर्चा झाली. आपल्याकडे मुलगा व्हावा म्हणून बाईला दिली जाणारी पुड्यांतली औषधं आठवा. तऱ्हा तीच, फक्त शेंकसाहेब कोटातले होते.

या सगळ्या सिद्धांतांत एक गोष्ट सारखी होती. जे काही घडतं ते आईच्या पोटात, गर्भ राहिल्यानंतर घडतं. म्हणजे जबाबदारीही आपोआप तिचीच.

पस्तिसाव्या वर्षी कॉलेजात

नेटी यांचा जन्म ७ जुलै १८६१ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावचा. वडील एफ्राईम सुतारकाम करायचे. आई लहानपणीच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्डला राहायला आलं.

त्या काळात शिकलेल्या बाईसमोर रस्ते मोजकेच होते. शिक्षिका व्हा, ग्रंथपाल व्हा किंवा लग्न करा. नेटी यांनी पहिली दोन्ही कामं केली. हायस्कूलमध्ये लॅटिन, इंग्रजी, गणित, प्राणिशास्त्र असं पडेल ते शिकवलं. मध्ये थांबून वेस्टफिल्डच्या अध्यापक विद्यालयात गेल्या आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवून १८८३ मध्ये बाहेर पडल्या. मग पुन्हा नोकरी, पुन्हा बचत. असं बरीच वर्षं चाललं.

१८९६ मध्ये त्यांनी साठवलेल्या पैशांवर देशाचं दुसरं टोक गाठलं आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातलं. वय वर्षं पस्तीस. वर्गातली मुलं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. १८९९ मध्ये पदवी, १९०० मध्ये पदव्युत्तर पदवी. तिथून त्या पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात आल्या आणि १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तेव्हा त्या चाळिशी ओलांडून गेल्या होत्या.

ब्रिन मॉर कॉलेज छोटं असलं तरी जीवशास्त्र विभाग तगडा होता. तिथे आधी एडमंड विल्सन शिकवून गेले होते, पेशींच्या अभ्यासातलं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नाव. त्यांच्यानंतर आलेले थॉमस हंट मॉर्गन हे नेटी यांचे मार्गदर्शक. पुढे फळमाशीवरच्या कामामुळे जगप्रसिद्ध झालेले ते हेच मॉर्गन. मध्यंतरी शिष्यवृत्तीवर नेटी इटलीतल्या नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत आणि जर्मनीतल्या वुर्ट्सबर्गला थिओडोर बोव्हेरी यांच्याकडेही काम करून आल्या.

बोव्हेरींकडचा हा मुक्काम महत्त्वाचा, कारण त्या सुमारास जीवशास्त्रात खळबळ चालू होती. ग्रेगोर मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग ३४ वर्षं विस्मरणात राहून १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले होते. आईवडिलांकडून गुण ठरावीक हिशोबाने मुलांत येतात, हे मेंडेलने दाखवलं होतं. पण ते येतात कशातून? बोव्हेरी आणि अमेरिकेतला तरुण संशोधक वॉल्टर सटन यांचं म्हणणं होतं की पेशीच्या केंद्रकातल्या धाग्यांतून, म्हणजे गुणसूत्रांतून. बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटत नव्हतं. पटत नसलेल्यांत खुद्द मॉर्गनही होते.

आधी पैशांचं बघा

डॉक्टरेट झाली, पण कायमची नोकरी नव्हती. नेटी यांनी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेकडे संशोधन निधीसाठी अर्ज केला. मेंडेलच्या नियमांची पेशीतली बाजू तपासायची आहे, असा विषय मांडला. मॉर्गन आणि विल्सन दोघांनीही शिफारस केली. गेल्या बारा वर्षांतल्या विद्यार्थ्यांत इतकं सक्षम आणि स्वतंत्रपणे संशोधन करणारं दुसरं कुणी पाहिलं नाही, अशा आशयाचं मॉर्गन यांनी लिहिलं होतं. निधी मिळाला. १९०५ मध्ये माव्याच्या जननपेशींवरच्या निबंधाला १,००० डॉलरचा एलेन रिचर्ड्स पुरस्कारही मिळाला. बायकांच्या प्रयोगशाळा संशोधनाला मदत करण्यासाठी सुरू झालेला हा पुरस्कार होता.

आता खरं काम सुरू झालं.

अळी, चिमटा आणि मोजणी

नेटी यांनी बरेच कीटक घेतले. वाळवी, झुरळ, रातकिड्याच्या जातकुळीतला एक किडा, मावा. आणि त्यांच्यासोबत टेनेब्रिओ मोलिटर. हा काळपट भुंगा, आणि त्याची पिवळी अळी साठवणीच्या पिठात आणि धान्यात सापडते. ॲक्वेरियमच्या दुकानात मासे आणि पक्ष्यांना खायला मिलवर्म म्हणून विकतात, ती हीच.

काम वेळखाऊ आणि डोळे फोडणारं होतं. अळीचा किंवा किड्याचा जननअवयव काढायचा. पेशी आहेत त्या अवस्थेत थिजवायच्या. मेणात बसवून त्याचे अगदी पातळ काप काढायचे, काचपट्टीवर घ्यायचे, रंगवायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी शोधायची जी नेमकी विभाजनाच्या क्षणी पकडली गेली आहे, कारण गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात ती तेव्हाच. दिसली की हाताने चित्र काढायचं आणि मोजायचं. मग पुढची पेशी.

शुक्राणू तयार होताना काही कीटकांत एक वेगळंच गुणसूत्र दिसतं, हे आधी माहीत होतं. जर्मनीतल्या हर्मान हेंकिंग यांनी १८९१ मध्येच ते पाहिलं आणि हे काय प्रकरण आहे ते न कळल्याने त्याला 'एक्स' म्हटलं. गणितात अज्ञात संख्येला म्हणतात तसं. पुढे अमेरिकेत क्लॅरेन्स मॅकक्लंग यांनी नाकतोड्यांत हेच पाहिलं आणि मोठी झेप घेतली. त्यांनी म्हटलं की याचा संबंध लिंगाशी आहे. झेप बरोबर दिशेने होती, पण उतरली चुकीच्या जागी. हे जादा गुणसूत्र ज्या शुक्राणूत जातं त्यातून नर होतो, असं त्यांनी मांडलं. प्रत्यक्षात उलटं होतं.

चूक का झाली? कारण सगळे फक्त नरातच बघत होते. शुक्राणूंच्या पेशी मुबलक मिळतात, रंग चांगला घेतात, काम सोपं जातं. माद्यांच्या पेशी अवघड. म्हणून नरात जे दिसलं त्यावरून मादीचा अंदाज बांधला गेला.

नेटी यांनी अंदाज बांधला नाही, मादीही मोजली.

पिठातल्या अळीत त्यांना जे दिसलं ते इतकं स्वच्छ होतं की आज शाळेतल्या मुलालाही कळेल. मादीच्या शरीरपेशींत २० गुणसूत्रं, सगळी मोठी. नराच्या पेशींतही २० च, पण १९ मोठी आणि एक अगदी छोटं. आता शुक्राणू बनताना ही जोडी फुटते आणि प्रत्येकाच्या वाट्याला १० येतात. त्यामुळे अर्ध्या शुक्राणूंत दहाच्या दहा मोठी, तर अर्ध्यांत नऊ मोठी आणि ते एक छोटं. स्त्रीबीजं मात्र सगळी सारखीच, दहा मोठी.

हिशोब आता तुम्हीच करा. स्त्रीबीजातली १० मोठी आणि शुक्राणूतली १० मोठी, बेरीज २० मोठी. म्हणजे मादी. स्त्रीबीजातली १० मोठी आणि शुक्राणूतली ९ मोठी, एक छोटं. बेरीज १९ आणि एक. म्हणजे नर.

स्त्रीबीज दोन्ही वेळा तेच आहे. बदलला तो शुक्राणू.

हा निबंध कार्नेगी संस्थेने १९०५ मध्ये छापला. त्या छोट्या गुणसूत्राला आज वाय म्हणतात. हे नाव विल्सन यांनी पुढे रूढ केलं.

एका किड्यावरून एवढं?

ही शंका नेटी यांनाही होती. छोट्या गुणसूत्रानेच नर होतो, की मोठ्या जोडीदाराची एक प्रत कमी पडल्याने, हे एका किड्यावरून सांगता येत नव्हतं आणि त्यांनी तसं छातीठोकपणे सांगितलंही नाही. त्या पुढच्या कीटकाकडे वळल्या. १९०६ मध्ये भुंगे, ढेकणांच्या गटातले कीटक आणि पतंग यांच्यावरचा दुसरा निबंध आला. १९०८ मध्ये माश्यांवरचा आला आणि त्यात फळमाशीही होती. १९०१ ते १९१२ या काळात त्यांचे सुमारे ३८ शोधनिबंध छापून आले.

त्यांची सावधगिरी योग्य होती हे नंतर कळलं. फळमाशीत वाय असतं, पण लिंग ठरतं ते एक्सच्या संख्येवर. माणसात मात्र वायच निर्णायक आहे, हे १९५९ मध्ये समजलं. दोन एक्स आणि एक वाय असलेल्या व्यक्तींचं शरीर पुरुषाचं असतं आणि एकच एक्स असलेल्यांचं स्त्रीचं, असं दिसल्यावर शंका उरली नाही. १९९० मध्ये वायवरचं एसआरवाय हे नेमकं जनुक सापडलं. पुढच्याच वर्षी ते जनुक उंदराच्या मादी गर्भात घातल्यावर त्यात नराची वाढ झाली. पक्ष्यांत तर सगळं उलटं. कोंबडीत दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, म्हणजे कोंबडा होणार की कोंबडी हे खरोखरच आईकडून ठरतं. आणि माणसांतही प्रत्येक जण एक्सएक्स किंवा एक्सवायच्या चौकटीत नीट बसतोच असं नाही.

पण मूळ मुद्दा पक्का राहिला. माणसाच्या स्त्रीबीजात एक्सच असतं. शुक्राणूंत साधारण अर्ध्यांत एक्स, अर्ध्यांत वाय. जो आधी पोहोचला त्याचं.

याचा अर्थ दोष आता नवऱ्याच्या माथी मारायचा, असाही नाही. कोणता शुक्राणू पोहोचणार हे त्याच्याही हातात नसतं. आधीच्या दोन मुली आहेत म्हणून तिसऱ्या वेळी मुलगा होण्याची शक्यता वाढतही नाही आणि घटतही नाही, नाणं मागचा कौल लक्षात ठेवत नाही. तीन अपत्यांच्या दर आठ कुटुंबांतल्या साधारण एकात तिन्ही मुलीच असणार, इतकं साधं गणित आहे ते.

महाराष्ट्रात हे गणित कुठे बिघडलं?

माणसात हस्तक्षेप झाला नाही तर दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्माला येतात. म्हणजे दर हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हा आकडा २००१ च्या जनगणनेत ९१३ होता आणि २०११ मध्ये ८९४ वर आला. ही घट निसर्गाची नव्हती. गर्भाचं लिंग बघून मुली पाडल्या जात होत्या.

याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला, १९८८ मध्ये. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. २००३ पासून त्यात गर्भधारणेच्या आधीची लिंगनिवडही बंद झाली. ही सुधारणा वाचताना नेटी स्टीव्हन्स हमखास आठवतात. कारण एक्सवाले आणि वायवाले शुक्राणू वेगळे काढून हवं ते मूल मिळवण्याची तंत्रंही तिने गुन्हा ठरवली. शुक्राणू दोन प्रकारचे असतात हे त्यांनी पिठातल्या अळीत दाखवलं, त्याला तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. म्हणजे 'दोष बाईचा नाही' हा त्या शोधाचा अर्थ घराघरात पोहोचायच्या आधी त्याचा धंदा पोहोचला होता.

मग नाव कुणाचं झालं?

इथे सोशल मीडियावर फिरणाऱ्या पोस्टींपासून थोडं सावध राहायला हवं. 'मॉर्गनने स्टीव्हन्सचं नोबेल चोरलं' असं सरसकट म्हटलं जातं. प्रकरण तितकं सरळ नाही.

१९०५ मध्येच एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाजवळ पोहोचले होते. त्यांनी अभ्यासलेल्या काही कीटकांत वाय नव्हतंच, नरात एक गुणसूत्र कमी होतं. दोघांना एकमेकांचं काम माहीत होतं आणि विल्सन यांनी नेटी यांच्या निरीक्षणांचा उल्लेखही केला. पण गुणसूत्रावरच लिंग ठरतं, हे म्हणताना विल्सन सुरुवातीला जास्त अडखळत होते आणि परिस्थितीचा काही वाटा असेल म्हणून जागा ठेवत होते. विज्ञानाचे इतिहासकार स्टीफन ब्रश यांनी १९७८ मध्ये सगळी कागदपत्रं तपासून हा फरक दाखवला. तरी अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत एकट्या विल्सन यांचं नाव छापलं गेलं. ते कोलंबिया विद्यापीठात प्रस्थापित प्राध्यापक होते आणि नेटी महिला कॉलेजातल्या कनिष्ठ पदावर होत्या, याचा त्याच्याशी संबंध नाही असं म्हणणं अवघड आहे.

मॉर्गन यांची गोष्ट वेगळी. १९०५ मध्ये त्यांना गुणसूत्रांचा हा सिद्धांतच मान्य नव्हता. त्यांच्याच विद्यार्थिनीने पुरावा समोर ठेवूनही ते पाच वर्षं अडून राहिले. १९१० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला. तो गुण लिंगाशी बांधलेला आहे आणि एक्सवर बसतो, हे समजल्यावर मॉर्गन यांचं मत फिरलं. फळमाशीच्या नरात एक्स आणि वायची जोडी असते, हे दोन वर्षांपूर्वी नेटी यांनी मोजून ठेवलेलं होतं. १९३३ मध्ये गुणसूत्रांच्या आनुवंशिकतेतल्या भूमिकेबद्दल मॉर्गन यांना नोबेल मिळालं. ते त्यांच्या स्वतःच्या कामासाठी होतं, त्यामुळे चोरी हा शब्द बसत नाही. आणि नेटी हयातच नव्हत्या.

ब्रिन मॉर कॉलेजने अखेर त्यांच्यासाठी खास संशोधनाचं प्राध्यापकपद तयार केलं होतं. ज्या पूर्णवेळ संशोधनासाठी त्यांनी पस्तिसाव्या वर्षी सगळं नव्याने सुरू केलं, ते आता पक्कं मिळणार होतं. पण स्तनांचा कर्करोग झाला आणि ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांचं निधन झालं. वय होतं ५०. त्या पदावर त्या कधी रुजू होऊ शकल्या नाहीत.

'सायन्स' या नियतकालिकात त्यांच्या कामावर मृत्युलेख लिहिला तो मॉर्गन यांनीच. त्यात त्यांची चिकाटी, नजर आणि अचूकपणा यांची तोंडभरून स्तुती आहे. पण शोध मोठ्या पटावर मांडण्याची प्रेरणा त्यांच्यात काहीशी कमी होती, असाही सूर आहे. हे लिहिणारे मॉर्गन स्वतः त्या पटावर येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

७ जुलै २०१६ ला, त्यांच्या १५५ व्या जयंतीला, गुगलने डूडल करून त्यांची आठवण काढली. वेस्टफर्डच्या स्मशानभूमीत वडील आणि बहीण एमा यांच्या शेजारी त्यांची कबर आहे, आणि त्यांचा सूक्ष्मदर्शक ब्रिन मॉर कॉलेजने जपून ठेवला आहे.